शेवटच्या मिनिटाची पेनल्टी

हॅलो?… हो ताई, क्लबच्या ऑफिसातच आहे. चिटणीस दुसरीकडे कुठे असणार?… भाचीचं लग्न ठरतंय? अगं, मग दबक्या आवाजात का सांगतेस?… कोण?… फुटबॉलचा पंच? कुठला पंच?

तो?!

ओरडत नाही, विचारतो आहे. जगात इतके दंतवैद्य, शिक्षक, सुतार असताना तिला तोच सापडला? ज्याने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी देऊन आम्हाला दुसऱ्या डिव्हिजनमधून तिसरीत ढकललं?… "खेळच तो"? ताई, तिसरी डिव्हिजन म्हणजे काय, ठाऊक आहे? नाव राष्ट्रीय लीग. प्रवास देशभर, तोही गळक्या बसने. आंघोळीला गार पाणी. आणि प्रेक्षकांत निम्मे खेळाडूंचे सासरे!… हो, हो… अगं ऐक ना! चेंडू आमच्या बचावपटूच्या हाताला लागला, मान्य. पण हात अंगालगत होता. फोटोच लावलाय टेबलासमोर. मी विशेषणं जपून वापरतो. पण त्याला आंधळा म्हणणं हे विशेषण नव्हे, निदान आहे.

…ती काय म्हणते? मामा येणार नसेल तर लग्नच नको?… रडतेय?…

बरं. एकच अट. त्याने माझ्यासमोर 'चूक झाली' एवढं म्हणावं; मी पहिल्या रांगेत बसेन… इकडेच निघालाय? कधी?… थांब, दार वाजतंय. फोन ठेवू नकोस.

या. बसा… त्या खुर्चीवर नको, पाय हलतो तिचा. तिसऱ्या डिव्हिजनचं फर्निचर आहे. हा फोटो पाहा. आता सांगा, चूक झाली की नाही?…

ताई, ऐकलंस? "पेनल्टीच होती" म्हणतो! वर फोटोतलं कोपर दाखवतोय मला, अंगापासून लांब होतं म्हणे!… अहो, पलीकडे तुमच्या होणाऱ्या सासूबाई ऐकताहेत. दोन शब्दांत लग्न ठरतं तुमचं, कळतंय ना?… तरीही?

नाही ताई, हाकलत नाही त्याला… अगं, आधी शिट्टी वाजवून मग माझी खोटी माफी मागणारे पंच मी डझनावारी पाहिलेत… छे, चुकतोच आहे तो! धडधडीत चुकतोय. पण भाची हातची जाईल म्हणून शब्द फिरवत नाही… हो. तिला सांग, रडू नको म्हणावं.

तारीख ठरव. रविवार सोडून… का म्हणजे? तिसऱ्या डिव्हिजनच्या मॅचेस रविवारी असतात! तिथे आम्हाला कोणी धाडलं, ते विचार तुझ्या जावयाला. ठेव आता!