डावा खांदा

बायको : अजून एक पान? मला आधीच खाज सुटलीये.

फोटोग्राफर : हलू नकोस गं. नेच्याचं पान आहे, चावत नाही.

बायको : ते नाही चावत, खालचं प्लॅस्टिक चिकटतंय. मॉलमधल्या काकडीसारखं गुंडाळलंयस मला.

फोटोग्राफर : तेच तर दाखवायचंय. माणूस, वनस्पती, प्लॅस्टिक, सगळं एकमेकांत मिसळलेलं. शरीर हळूहळू विरघळतंय.

बायको : विरघळतंय कसलं, घामाने निथळतंय. तुझी ती मॉडेल म्हणूनच पळाली का?

फोटोग्राफर : तिला पुरळ उठलं. आणि फोटो उद्या गॅलरीत द्यायचेत.

बायको : म्हणजे मी बदली म्हणून आलेय.

फोटोग्राफर : तसं नाही. तुझ्यात एक परिपक्वता आहे.

बायको : परिपक्वता फळाला असते. माझं नुसतं वय झालंय.

फोटोग्राफर : हनुवटी वर घे. थांब, गळ्यावर ही नायलॉनची जाळी टाकतो.

बायको : आणि पोटावर थर्माकोल कशाला?

फोटोग्राफर : तिथे प्रकाश नीट पडत नाहीये.

बायको : दंडावरही पडत नव्हता, तिथे शेवाळ थापलंस. आता माझं नेमकं काय दिसतंय, खरं सांग.

फोटोग्राफर : डावा खांदा. बराचसा.

बायको : लग्नाआधी याच स्टुडिओत माझे फोटो काढायचास. तेव्हा नव्हतं लागत हे सगळं.

फोटोग्राफर : तेव्हा शैली वेगळी होती माझी.

बायको : शैली नाही रे, कंबर वेगळी होती. माझी.

फोटोग्राफर : तू उगाच मनाला लावून घेतेस. ही कला आहे.

बायको : असेल. मग आता तू बस.

फोटोग्राफर : मी?

बायको : शरीरच हवंय ना? ते तुलाही आहे. शर्ट काढ.

फोटोग्राफर : अगं, मला नाही जमत कॅमेऱ्यासमोर.

बायको : मला कुठे जमतंय? तरी बसले ना मुकाट्याने. काढ.

(ती अंगावरचं प्लॅस्टिक सोलून गाऊन चढवते. तो शर्ट काढून स्टुलावर बसतो. ती कॅमेरा हातात घेते.)

फोटोग्राफर : पोटापुढे काहीतरी धरू का?

बायको : काही नको. आणि आत ओढू नकोस ते. श्वास सोड, निळा पडशील.

फोटोग्राफर : दिवा फार जवळ आलाय.

बायको : तूच लावलायस. इकडे बघ. झालं.

फोटोग्राफर : दाखव. हा कुणाला पाठवायचा नाही हं.

बायको : नाही पाठवत. बघ तरी.

फोटोग्राफर : मी असा दिसतो?

बायको : असाच. मला सवय आहे.