पारा अजून पडायचाय

...न्हाई, मला सांगा, बायकू न्यायला गेलेल्या माणसानं थंडीची वाट बघत बसायचं व्हय? तुमाला सांगतो, माझी सासुरवाडी पाचगणीच्या वरल्या अंगाला, आन् सासरं म्हंजी सुभेदार लालासाहेब, एकाहत्तरची लढाई करून रिटायर झालेलं! येताना ट्रंकंतनं थंडी मोजायची पाऱ्याची नळी आणली, पडवीत खिळ्याला टांगली, आन् घरचाच एक सण काढला... पारापाडवा!

म्हंजी काय, तर सालातला सगळ्यात गार दिवस गाठायचा, त्या दिवशी झाडून सगळ्यांनी उघड्या हौदाच्या पाण्यानं आंघूळ करायची, मग रस्सा-भाकरी. मला आलं हसू! तर म्हणालं, "जावईबापू, बर्फात आमचा पारा तळाला गेल्ता. शेजारचा गडी सकाळी उठलाच न्हाई. मी उठलो. त्याचा सण हाय ह्यो." आता ह्यावर कसं हसता?

पर माझी गत ऐका की! आमच्या हिची, मनुबाईची, लग्नानंतरची पयली संक्रांत. फलटणला आईनं अख्ख्या आळीच्या बायका बोलावलेल्या, वर मला दम, "सुनंला न घेता आलास तर उंबरा चढू नगंस!" आन् हितं सासरं म्हणत्यात, "सण झाल्याबिगर लेक घालवत न्हाई." मग धरा की सण! तर सासरं रोज पहाटे नळीला डोळा लावायचं आन्... "छ्या! पारा अजून पडायचाय!"

मी रोज पिशवी भरायची, रोज सोडायची. सासूबाई काकुळतीला आल्या, "आवं, पोरीची पयली संक्रांत हाय..." तर ह्ये ताठ! "मोर्चा अर्ध्यात सोडायचा नसतो! पारा अजून पडायचाय!"

उद्यावर आली की हो संक्रांत! ही चुलीम्होरं डोळं पुसत म्हणती, "तुमी एकलंच जावा." एकला कुठं जाऊ? उंबरा बंद! म्हणलं, पारा पडत न्हाई तर आपुनच पाडू. पहाटे घोंगडं पांघरून पडवीत गेलो, नळी काढली, हौदात बुडवायची म्हणून पायरीवर वाकलो... बोटं अशी आखडलेली, नळी हातात हाय का न्हाई त्येच कळंना... आन् खळ्ळकन! दगडावर! पारा आपला घरंगळत घरंगळत गेला, गेला, आन् थांबला एका बुटापाशी.

बूट!

सुभेदारांनी फुटक्या नळीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग वाकून त्यो थेंब बघितला. मी म्हणलं, बायकू गेली, सासुरवाडी गेली, आता उंबऱ्याचंबी नाव नगं! तेवढ्यात सासरं गरजलं, "पारा भुईला टेकला! ह्याच्याखाली जागा न्हाई! उठा रं, धरा सण!"

पयली बादली माझ्याच डोस्क्यावर. पर दिवस मावळायच्या आत हिला घिऊन फलटणला! आईनं भाकरतुकडा ओवाळला, आन् मी म्हणलं, सुटलो बाबा!

कसला सुटतोय? नळी फुटली, आता गारठा मोजायचा कशानं? दरसाली मला सांगावा येतोय. पहाटे पडवीत त्याच खिळ्याखाली उभा करत्यात, उघडाबंब! सासरं माझ्या कडकडा वाजणाऱ्या दातांना कान लावत्यात, डोळं झाकून ऐकत्यात... आन् म्हणत्यात,

"छ्या! अजून पडायचाय!"