जोड शेठच्या नाकावर येत होता

दि. १३/०५/२०२५

नाव हमिदा मजीद खोत, वय ५३ वर्षे, धंदा लूमवर कापड तपासणे, राहणार निजामपुरा, भिवंडी.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी एकतीस वर्षे कापड तपासते. माझा मुलगा साद उंचीवर मेंब्रेन बसवतो. त्याला कालपासून पोलीस ठाण्यात बसवून ठेवले आहे.

दापोडे येथे भाविक सावळाराम तरे या शेठनी बॅडमिंटन हॉल बांधला. समोर भिंत नाही, मेंब्रेनचा पडदा ताणला आहे. मेंब्रेन म्हणजे कोटिंग केलेले कापडच. हॉल खेळाचा, पण पडद्यावर शेठचाच चेहरा, पुरुषभर उंच. जन्मात कधी शटल उचलले नसेल त्यांनी.

कापडाच्या पट्ट्या उभ्या लावायच्या होत्या, म्हणजे ओढ ताण्यावर, उभ्या धाग्यावर येते. पण मग जोड बरोबर शेठच्या नाकावर येत होता. शेठ म्हणाले, आडव्या लावा. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, तेवढी ओढ सोसत नाही. आमच्या गल्लीतले शेंबडे पोरसुद्धा हे सांगेल.

सादने नकार दिला. मी डबा घेऊन गेले होते, मीही सांगितले. शेठ हसले. म्हणाले, "चाची, कापड न्हाय ह्ये, मेंब्रेन हाय. तुमी लुंग्या तपासा." सादला काढले आणि दुसऱ्यांकडून पडदा आडवा लावून घेतला.

काल दुपारी चारच्या सुमारास वारा सुटला व पडदा फाटला. तेव्हा साद आपला दोर आणि पट्टा परत आणायला गेला होता. शेठनी त्यालाच धरून दिले. म्हणे, याने ब्लेडने कापला. वा रे वा! तीस फुटांवर, दिवसाढवळ्या, वॉचमनसमोर.

जप्त तुकडा मला दाखवला. मी कडेवरून बोट फिरवले. ब्लेडने कापलेले धागे एका रेषेत असतात. इथे एकेक धागा वेगळ्या लांबीला तुटून पिंजला आहे. हे बघायला फक्त डोळे लागतात. शेठनाही आहेत, पण ते आरशापुरते.

मी आई आहे, मला राग आहे, लपवत नाही. पण साद कामात खोटा असता तर गुपचूप आडव्या पट्ट्या लावून पगार घेऊन आला असता.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "पडदा कापल्याबाबत" असे लिहिले होते, म्हणून मी सही केली नाही. ते खोडून "फाटल्याबाबत" केले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सादला घेतल्याशिवाय मी या बाकावरून उठणार नाही, हेही माझ्या सांगण्यावरून लिहिले आहे.

सही
हमिदा मजीद खोत