हर्षालीचं मन आन् बयाची उत्तरं

...आन् वर मलाच म्हणती, आजी, तुम्ही मधे बोलू नका, प्रश्न पक्के करायचेत! आता तुमीच सांगा, मन काय मडकं हाय, टिचकी मारून पक्कं का कच्चं बघायला? मी शाळेची पायरी चढले न्हाई, एस्टीच्या पाट्या वाचून अक्षरं शिकले, आज अख्खा पेपर वाचते, पण असली परीक्षा कुठं वाचली न्हाई.

पोरगी चांगली हो. आरफा नाव. जुन्नरच्या महंमद हनीफ बांगडीवाल्याची नात, पुण्याला मनाचं शास्त्र शिकती. पोटुशी बाईचं मन आईपणाला कसं रुळतंय ते मोजायचे प्रश्न म्हणं इंग्रजीत व्हते, ते मराठीत आणले, आता आपल्या बायांना लागू पडत्यात का बघायचं. एकदा विचारायचं, पंधरवड्यानं परत तेच विचारायचं, उत्तरं जुळली की प्रश्न पक्के.

आमच्यात पोटुशी कोण, तर नातसून हर्षाली. पहिलटकरीण, नुकता सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातव्यात ओटी भरून धाडायची, कारण आठव्यात वेस ओलांडत न्हाईत. पोर आणे गावाकडं, माहेराकडं डोळं लावून बसलेली. आन् तिची सासू, म्हंजी माझी सून बया, म्हणती कांद्याची लागण उरकू दे, मग धाडू. अगं, लागण उरकंस्तवर आठवा लागतोय की! मग हायेच, आता कशी धाडू, रीत हाय ना... नातू सार्थक चाकणच्या कंपनीत, रविवारी येतो, आईपुढं तोंड उघडत न्हाई. पोर वाफ्यात वाकून रोपं लावती, अर्धी भाकर टाकून उठती, आन् तोंडातनं ब्र न्हाई.

तर आरफा कागद घेऊन बसली. समोर हर्षाली. आन् हर्षालीच्या मांडीला मांडी लावून कोण? बया.

बाळंतपणाची भीती वाटते का? बया म्हणाली, तिला कसली भीती, आमी न्हाई का झालो बाळंत. हर्षालीनं मान हलवली. झोप लागती का? बया म्हणाली, डाराडूर. हलली मान. स्वतःच्या आईची आठवण येते का?

"आठवण कशाला," बया म्हणाली, "फोन हाय की."

आरफा बिचारी लिहिती. प्रश्न पक्के करायचेत!

शेजारच्या लंकाबाईच्यात तेच, खालच्या आळीत तेच. सून गप, सासू पास. पंधरवड्यानं आरफा परत आली, तर घरोघरी उत्तरं शब्दाला शब्द जुळली. जुळणारच, सासूचं मन पंधरवड्यात बदलतंय व्हय?

आमच्या दारात आली तशी मी म्हटलं, बया, लंकाबाईची शेरडं रोपात शिरली बघ. बया काठी घेऊन पळाली. मी दारात आडवी बसले. म्हटलं, हर्षाली, आता मान हलवू नको, तोंड हलव.

आरफानं आईचा प्रश्न परत विचारला.

"येते," म्हणाली. "लई येते. मला भ्या वाटतं, ताई. मी वाफ्यात पडले, तर घरचे आधी रोपं मोडली का बघतील."

मग बोलतच सुटली. आरफाचं पेन कवाच थांबलं व्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिची ओटी भरली, पिशवी उचलली, आळेफाट्याला नेऊन नगरच्या गाडीत बसवलं, आन् स्वतः संगं आण्याला जाऊन तिच्या आईच्या हातात तिचा हात दिला. बया वाटंत आडवी आली व्हती. म्हटलं, तुला तुझ्या सातव्यात मी आडवलं व्हतं का? सरली बाजूला.

आन् पुढं ऐका. आरफाचा फोन. म्हणती, समद्या घरांची उत्तरं जुळली, एकट्या हर्षालीची जुळंनात, म्हणून आमच्या सरांनी तिला गाळलं. पोरगी भांडली म्हणं सरांशी. पण सरांचे आकडे इतके देखणे आलेले, कोण ऐकतंय! म्हंजी बघा, ज्यांच्या सासवा बोलल्या त्या समद्या पास, आन् स्वतःच्या तोंडानं बोलली ती नापास. झाले प्रश्न पक्के.

आता हर्षालीच्या वाफ्यात रोपं लावायला मी वाकते, आन् बया माझ्याशी बोलत न्हाई. परवा आरफा म्हणाली, आजी, म्हातारपणाच्या मनाचेही प्रश्न निघालेत, तुम्हाला विचारू का? म्हटलं, नको गं बाई... बया येऊन मांडीला मांडी लावून बसंल, आन् मी बी लई सुखात निघंन.