एकशे वीसचं गाणं, साठचे बाबा

नाही नाही काका, ती चिकटपट्टी काढू नका, तिच्याखाली काही तुटलेलं नाहीये — डीजेच्या मशीनची स्क्रीन आहे. चांगली आहे. मुद्दाम झाकलीय. गाण्याचा वेग आकड्यात दाखवते ना, म्हणून. आकडा दिसला की माणूस कान वापरत नाही, असं मास्तरांचं म्हणणं. मास्तर म्हणजे ज्यांच्याकडे मी शिकायचो — नाचायच्या हॉलमध्ये वाजवतात, वीस वर्षं झाली, एका कानाने थोडं कमी ऐकू येतं, कुठल्या ते सांगत नाहीत. त्यांनी पहिल्याच दिवशी ही पट्टी लावली आणि म्हणाले, ज्या दिवशी काढावीशी वाटणार नाही त्या दिवशी तू डीजे. मला रोज काढावीशी वाटली. — बसा ना. त्या खुर्चीवर नको, ती मागे कलंडते, ती मी मित्रांसाठी ठेवलीय.

हो, जाहिरातीत किंमत होती. ती नुसती लिहिली. आधी ‘फुकट’ लिहिलं होतं तर एकच फोन आला — बिघडलंय काय ते सांगा. किंमत टाकल्यावर रांग लागली. मला पैसे नकोत, काका. फक्त पाचच्या आत घेऊन जा. पाचला ताई येते. — नाही हो, चोरीचं नाहीये, चोरीचं असतं तर मी एवढी घाई दाखवली असती का?

मुलीसाठी घेताय ना? पंधरा वर्षांची? बरं. मग तिला एवढं सांगा — एक गाणं हॉलमध्ये वाजत असतं, सगळ्यांना ऐकू येईल असं, आणि दुसरं फक्त आपल्या हेडफोनमध्ये, एका कानात. ही दांडी दिसतेय ना बाजूला, वरखाली सरकणारी, तिने त्या दुसऱ्याचा वेग कमीजास्त करायचा आणि दोघांचे ठोके एकावर एक बसवायचे. बसले की एकच पाऊल ऐकू येतं. नाही बसले की जिन्यावरून एक बूटवाला आणि एक चपलावाला बरोबर उतरतायत असं वाटतं. ते सगळ्यांना कळतं. समोरच्या काकूंनाही कळलं, त्यांनी दार वाजवून सांगितलं. अवघड ते नाहीये. अवघड हे, की पुढे कोण पळतंय — बूट की चप्पल? ते कळलं तरच दांडी वर की खाली ते ठरणार ना? मला आठ महिने ते कळलं नाही. आता बघा, नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा बरोबर यायला हवं. माझं निम्म्याच्या पण खाली. म्हणजे मी मनात येईल त्याच्या उलट केलं असतं तरी पास झालो असतो. तेही करून पाहिलं — मग उलटंही चुकायला लागलं. मास्तर म्हणाले, असा कान मी बघितला नाही. मला आधी कौतुकच वाटलं.

मग मला बाबा सापडले. म्हणजे होतेच घरात. सोफ्यावर. त्यांच्या छातीत पेसमेकर होता, सहा वर्षांपूर्वी बसवलेला, आणि त्यांचं स्वतःचं हृदय असं होतं की ते आपणहून फारसं काही करायचंच नाही, सगळं यंत्रच करायचं. मिनिटाला साठ. बसलेले असोत, चिडलेले असोत, साठ. आता साठ म्हणजे काय, काका? एकशे वीसचं निम्मं! आणि मिनिटाला एकशे वीस ठोक्यांची गाणी माझ्याकडे ढिगाने. बाबांचा एक ठोका, गाण्याचे दोन. घरात असं पक्कं, कधी न चुकणारं काहीतरी आहे आणि मी आठ महिने भिंतीवर डोकं आपटतोय! औषधांच्या दुकानातून स्टेथोस्कोप आणला — एका कानात बाबा, दुसऱ्या कानात हेडफोन. हसा, हसा. मीही हसलो होतो.

पण बाबा ऐकू कसे देणार? आमचं तसं बोलणं नव्हतं. मीठ दे, दार लाव, एवढंच. मग मी एक गंमत केली. आमचे बाबा लिफ्ट तपासनीस होते, आयुष्यभर — लिफ्टच्या आत ते कार्ड लावलेलं असतं बघा, तारीख, शेरा, सही, त्यातली सही बाबांची. कागद असला की त्यांना सगळं पटतं. म्हटलं, बाबा, पेसमेकरच्या कंपनीचा नवा नियम आलाय, घरातल्या माणसाने रोज अर्धा तास ठोका ऐकायचा. लगेच विचारलं, ‘लेखी आहे का?’ आई गेली तेव्हा डॉक्टरांनाही त्यांनी हेच विचारलं होतं. मी लेखी करून आणलं. छापून. वर ‘हृदय श्रवण तक्ता’, खाली रकाने — तारीख, वेळ, शेरा, तपासणाऱ्याची सही, यंत्रधारकाची सही. यंत्रधारक! बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘वेळेचा रकाना अरुंद केलाय. बाकी चांगलाय.’ त्यांनी माझ्या कुठल्या गोष्टीला चांगलं म्हटल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही.

मग रोज दुपारी जेवण झालं की ते शर्टाची दोन बटणं काढून सोफ्यावर आडवे व्हायचे आणि मी खाली बसायचो, असा, टेकून. आणि जमलं ना काका! तिसऱ्या आठवड्यात जमलं. बूट आणि चप्पल एक झाले, एकच पाऊल, चार मिनिटं, गाणं संपेपर्यंत. दांडी बरोब्बर मध्यावर. मी उठून घरभर फिरलो. बाबांनी विचारलं, ‘काय झालं?’ म्हटलं, सगळं ठीक आहे. ‘मग तसं लिही.’ लिहिलं. ठीक. त्यांनी सही केली.

त्यात एक व्हायचं — ते बोलायला लागायचे. आडवे पडले की माणूस बोलतो, नाही का? एकदा म्हणाले, ‘तुझ्या आईला लिफ्टची फार भीती, लग्नानंतर एकदा मी तिला घेऊन—’ आणि मी म्हटलं, श्श बाबा, बोलू नका, ठोका नीट येत नाही. ते लगेच गप्प. नियम म्हणजे नियम. घेऊन काय? अडकले का लिफ्टमध्ये? पळवून नेली? ताईला विचारलं, तिलाही माहीत नाही.

हां, त्या. त्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, दांडीशेजारी. पुसल्या जातील, ओलं फडकं घ्या. — सांगतो ना. तेच सांगतोय. दोन महिन्यांनी जुळवलेलं सुटायला लागलं. तेच गाणं, तेच बाबा, दांडी मध्यावर — आणि बूट-चप्पल परत सुरू. मला वाटलं, गेला कान, आलो परत होतो तिथे. पण मास्तरांनी एक शिकवलं होतं, ज्याला धरून जुळवायचं त्याला हात लावायचा नाही, तो बरोबरच असतो, चुकतो तो आपला हात. मग मी दांडी जराशी खाली घेतली. गाणं हळू केलं. जुळलं! तिथे खूण केली. पुढच्या आठवड्यात परत सुटलं, परत जराशी खाली, परत खूण. आणि काका, यातली मजा बघा — आता मला पुढे कोण पळतंय ते कळायला लागलं होतं! दर वेळी गाणंच पळत होतं. आठ महिने जे कळलं नाही ते ऐकताक्षणी कळायचं. मला वाटलं, मी शिकलो. एक दिवस दांडी अगदी खाली टेकली, जागाच संपली. मग काय केलं मी? दुसरं गाणं घेतलं. मुळातच हळू असलेलं.

मास्तरांना सांगितलं मी. म्हटलं, मला आता उतरता ठोकासुद्धा धरता येतो. ते म्हणाले, उतरता? गाणी कुठे उतरतात? कुठलं गाणं हळू होतंय तुझं? म्हटलं, बाबा. ते इतके हसले की पाणी प्यावं लागलं. त्याआधीच्या महिन्यात मी त्यांच्या हेडफोनमध्ये मध लावला होता, त्यामुळे माझं काही खरं धरायची त्यांना सवय नव्हती.

बॅटरी, काका. बॅटरी संपत आली की त्या जातीचं यंत्र मुद्दाम हळू होत जातं, तेच त्याचं सांगणं असतं, बदला म्हणून. दर सहा महिन्यांनी दवाखान्यात तपासतात, तिथे लगेच कळतं. दवाखान्यातून फोन आला होता, तारीख झाली, या म्हणून. बाबांनी घेतला. मी इथेच होतो, ऐकलं मी. म्हणाले, ‘माझी तपासणी रोज होते. लेखी आहे.’ आणि ठेवला.

शुक्रवारी सकाळी न्हाणीघरात पडले. डोकं आपटलं. — आहेत, आहेत. आतल्या खोलीत. नवीन यंत्र बसवलंय, दहा वर्षांची बॅटरी, मिनिटाला साठ, मी ऐकून बघितलं, केसाचाही फरक नाही. ते कोण आहेत ते फक्त त्यांना माहीत नाही. मी कोण तेही नाही. मी आत गेलो की मला लिफ्टमन समजून कितवा मजला ते सांगतात. ‘तिसरा.’ मी म्हणतो, हो साहेब. थोडा वेळ उभा राहतो आणि म्हणतो, आला तिसरा. मग खूश होतात. डॉक्टर म्हणाले, यापुढे एवढंच. आता नका जाऊ बघायला, नवीन माणूस दिसला की लिफ्टमध्ये किती माणसं चालतात त्यावरून रागावतात.

एक मिनिट हं, ताईचा फोन. — हां ताई. झाल्या झेरॉक्स? — कुठला? शेवटच्या पानावरचा? गुरुवारचा. — नाही, शाई सांडली असेल. — काय लिहिलंय म्हणजे, तेच. ठीक. — हो. हो, नक्की. मीच लिहिलंय ना. — उद्या अकरा. हो, येतो. — अगं रडू नकोस रस्त्यात. — नाही, काही नाही करत, बसलोय. हो.

ताई. बाबा पडल्यापासून इथेच आहे, नोकरी सोडून. कंपनीवर तक्रार करतेय. पुरावा काय, तर तक्ता. तिचं म्हणणं, माझ्या भावाने रोज कान लावून तपासलं, आदल्या दिवशीपर्यंत सगळं ठीक होतं, आणि तुमचं यंत्र अचानक बंद पडलं. नातेवाइकांना फोन करकरून सांगते — आम्ही त्याला वाया गेलेला समजत होतो. परवा माझ्या ताटात वाढताना रडली. मी जेवलो. भूक होती.

काय? — नाही, तसं नाही, कळत नव्हतंच मला. म्हणजे कसं कळणार, मी काय डॉक्टर आहे? शेवटपर्यंत नव्हतं कळत. गुरुवारपर्यंत. — गुरुवारी मी नुसतं एकदा घड्याळ लावून मोजलं. सहजच. त्रेपन्न आले. आता त्रेपन्न म्हणजे काय, एखादा ठोका सुटतो मोजताना. सात नाही सुटत, बरोबर आहे तुमचं. परत मोजायला हवं होतं. शनिवारी मास्तर मला हॉलमध्ये वाजवायला देणार होते काका, अर्धा तास, माणसांसमोर, पहिल्यांदा. म्हटलं, आज सांगितलं तर दवाखाना, ॲडमिट, दोन-तीन दिवस तरी. रविवारी सांगू. रविवार काही लांब नव्हता. बाबा विचारत होते, ‘आज जास्त वेळ ऐकलंस, काही आहे का?’ पेन हातातच होतं माझ्या. त्यांनी बटणं लावली, चष्मा शोधला, सही केली.

तुम्ही असं बघू नका. तुम्हाला मशीन हवं होतं ना, मग उचला. ही वायर, हा हेडफोन, तोही न्या, मला नकोय. तिकडून धरा, मी दारापर्यंत देतो. — नाही, पैसे नकोत म्हटलं ना. नाव कशाला सांगताय? नका सांगू. कुठे राहता तेही नको, फोन नंबर मी आत्ताच काढून टाकतो, हा बघा, गेला. ताई विचारेल, मशीन कुठे गेलं? कोण घेऊन गेलं? मी म्हणेन, माहीत नाही. एवढी एक गोष्ट तरी मला तिला खरी सांगू दे. — जिन्याने जा. जा आता.