मला फक्त झाकण हवं होतं

...नाही, तुम्ही हसा, खुशाल हसा, पण एकदा माझ्या लाँड्रीत येऊन उभे राहा आणि मग हसून दाखवा. दाराच्या बरोबर समोर उघडं गटार. मी इकडे शर्ट धुतो, कडक इस्त्री करतो, हँगरला लावतो, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक येतं, कॉलर नाकाला लावतं आणि विचारतं, "अहो, धुतलाय ना नक्की?" आता काय सांगायचं त्याला? निम्मी गिऱ्हाइकं चौकातल्या दुकानात गेली, उरलेली जायच्या बेतात. आणि माझी मागणी काय होती? तुम्हाला सांगतो, खुर्ची नको, सत्कार नको... मला फक्त झाकण हवं होतं हो.

तर नगरपालिकेची निवडणूक आली. पहिले आले सत्तेवाले. गटाराकडे असं बघितलं, जणू आजच उगवलंय. "हे विरोधकांचं पाप. त्यांच्या काळात झाकण गेलं." दुसऱ्या दिवशी विरोधक. त्यांनी नाकाला रुमाल लावला, फोटो काढला, "जरा वाकून, पुन्हा एकदा," असं म्हणत आणखी एक काढला, आणि मला म्हणाले, "सत्ता द्या, गावातलं एकूण एक गटार झाकू." अरे बाबा, एकूण एक कशाला? मला फक्त...

मग गल्लीचंच डोकं फिरलं. पक्षबिक्ष काही नकोत, सगळे एकाच माळेचे मणी, आपण आपला अपक्ष उभा करू, स्वच्छ माणूस. आणि स्वच्छ म्हटल्यावर सगळ्यांनी बघितलं माझ्या साडूंकडे. साडूभाऊ म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. नाकासमोर चालणारा माणूस, आणि आमचा प्रश्नही नाकाचाच! बायको तेवढी कपड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली, "भावोजी चांगलेच आहेत हो, पण तिथे एकट्याला कोण विचारतंय? एका हातानं टाळी वाजते का?" मी म्हटलं, "तुला राजकारणातलं काय कळतं?" ...हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

चिन्ह मिळालं किटली. घरोघरी किटल्या नाचवत फिरलो. दोन्ही पक्षांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि मधल्या मध्ये आमची किटली निवडून आली. मेहुणी आनंदानं रडली. मी दुकानावर पाटी लावली, 'लवकरच वास बंद'.

पहिली सभा. मी प्रेक्षकांच्या बाकावर. साडूभाऊ उभे राहिले, वर्गात उभे राहायचे तसे, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आमच्या गल्लीतल्या गटाराला झाकण बसवावं, असा ठराव मी मांडतो." अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "अनुमोदक कोण?"  "ठरावाला दुसऱ्या सदस्याचं अनुमोदन लागतं. कोण देतंय?" एक पक्ष छताकडे बघतोय, दुसरा आपापल्या बुटांकडे. साडूभाऊ म्हणाले, "मग मीच देतो." "स्वतःच्या ठरावाला स्वतःच? बसा, मास्तर."

आता मला सांगा, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? अख्ख्या गल्लीनं जिवाचं रान करून एक माणूस निवडून दिला, आणि तिथे लागतात दोन! मला राहवेना. मी बाकावरून हात वर केला, "माझं अनुमोदन!" शिपायानं तोच हात धरून मला बाहेर काढलं. घरी आलो तर बायकोनं नुसता एक हात हवेत हलवला, टाळी वाजवल्यासारखा.

आठवड्यानं साडूभाऊ दुकानात आले. म्हणाले, "मांडायला एक, अनुमोदनाला एक, वर मतं द्यायला खंडीभर. पक्ष उगाच नसतात हो." मी म्हटलं, "मग जा की एखाद्यात. मला तत्त्वाचं लोणचं घालायचं नाही, मला फक्त झाकण हवंय." गेले. सत्तेवाल्यांत. त्यांना बहुमताला एकच माणूस कमी पडत होता, त्यांनी मिठीच मारली.

आणि पुढच्या सभेत, मी पुन्हा त्याच बाकावर, काय झालं? झाकणाचा ठराव आणला विरोधकांनी! मुद्दाम, आमच्या साडूंना कोंडीत पकडायला. अनुमोदक कोण, म्हटल्यावर हातांचं जंगल उभं राहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तेवढ्यात सत्तेवाल्यांचा पुढारी मागे वळून कुजबुजला, "ठराव त्यांचा आहे. सगळ्यांनी विरोधात. पक्षाचा आदेश." साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी साडूंकडे. आणि मास्तरांचा हात... गेला हो वर, हळूहळू, झाकणाच्या विरोधात. एका मतानं पडला ठराव. एका!

बाहेर गाठलं त्यांना. "असं का केलंत?" तर म्हणतात, "आदेश मोडला तर पद जाईल. पद गेलं तर तुमचं झाकण कोण आणणार?"  

काल दुकानात आले, पक्षाचा पांढराशुभ्र सदरा न्यायला. कॉलर नाकाला लावली. तोंड वाकडं केलं. "याला वास येतोय हो." म्हटलं, "गटाराचा आहे." तर माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी कळवळ्यानं म्हणाले, "मग पुढच्या वेळी गल्लीनं एखादा स्वच्छ, अपक्ष माणूस उभा करा ना. अनुमोदनाला मी आहेच." दारापर्यंत गेले, थबकले, वळून म्हणाले, "म्हणजे... पक्षानं हो म्हटलं तर."

सदरा ठेवून गेले, पुन्हा धुवायला. धुतोय. काय करणार? धुवायला निदान अनुमोदक लागत नाही.