आप्पांची जीभ

तुम्ही हसाल, पण आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं चहापत्तीवरून होतात. मी विश्रामबागेतल्या मॉलमधनं मॉलच्याच नावाचा स्वस्त पुडा आणतो. बायकोला टीव्हीवरच्या जाहिरातीतलीच पत्ती लागते. "तुमच्या पत्तीला रंग येतो, चव न्हाई," हे तिचं ठरलेलं. "डोळे झाकून पी, मग सांग," हे माझं.

मागच्या आठवड्यात कडेगावहून सासरे आले. बायको म्हणाली, "आप्पांनाच विचारू. त्यांची जीभ लय पक्की हाय." तिनं दोन्ही पत्त्यांचे वेगवेगळे चहा केले. साखर आपल्या रिवाजानं, चमचा उभा राहील एवढी. कुठला कप कुठल्या पत्तीचा, ते आप्पांना सांगितलं नाही.

आप्पांनी दोन्ही कप बशीत ओतून, भुरके मारत संपवले. मिशी पुसली.

"पत्तीचं काय कळंना बाबा. पण साखर आपल्या कारखान्याची न्हाई. आमचा ऊस जातो तिथं, आमाला कळणार न्हाई व्हय? मॉलची हाय न्हवं ही?"

साखर त्यांनीच दिवाळीला आणून दिलेल्या पोत्यातली होती. मी बायकोकडं बघितलं, तिनं माझ्याकडं.

"व्हय आप्पा, मॉलचीच हाय," आम्ही दोघं एकदमच बोललो. किराण्यावर आमचं एकमत झालं ते तेवढंच.

दोन दिवसांत आप्पांनी त्याच कारखान्याचं दुसरं पोतं पाठवलं. त्यातल्या साखरेचा पहिला चहा पिऊन बायको म्हणते, "आवं, ही साखर खरंच वेगळी लागती की!"

आणि गड्यांनो, खरं सांगू? मलापण लागली.